तान्ह्या पोळ्याचा बैल

दर दुसऱ्या गुरुवारी समाजमंदिराची किल्ली
कोतवालाच्या घरून आणावी लागते.
आत रेशनच्या तांदळाचा वास,
फळ्यावर मागच्या महिन्याचं वाटप.
सतरंजी झटकली की दवाखाना तयार.
डॉक्टर आर्वीहून येतात, चार तासांसाठी.
बाकीचे तेरा दिवस मी असते,
एक स्कूटी, एक रजिस्टर.
गाव मला झोपेच्या गोळ्यावाली म्हणतं.
आधी दुरुस्त करायचे. आता ‘हाव’ म्हणते.

कौतिका नेहारे. घर नंबर नाही.
चावडीमागे, पडक्या कांजीहाऊसला लागून.
पहिल्या भेटीत ती चुलीकडे तोंड करून बसली.
दुसऱ्या भेटीत चूल पेटलेली नव्हती,
तरी तिकडेच.
तिसऱ्यांदा सासू म्हणाली,
‘तिले बाहेरचं हाय. तीन ठिकानी नेली.
तुमी कोनत्या ठिकानच्या?’
मी संस्थेचं नाव सांगितलं, सात शब्दांचं.
सातही शब्द संपेपर्यंत ती थांबली.
मग म्हणाली, ‘बसा, च्या ठेवतो.’

फॉर्मवर एक रकाना असतो:
तक्रार, रुग्णाच्या शब्दांत.
तो दीड महिना कोरा राहिला.
कार्यालयातून फोन आला, कोरा का?
म्हटलं, शब्द मिळाले नाहीत अजून.
मी तिच्या बाजूला बसून
बरबटीच्या शेंगा सोलत होते.
एका दुपारी ती बोलली, मला नाही, भिंतीला:
‘डोक्यात मोहळ उठते.
रातच्याले माशा नाव घेऊन बलावतेत.
आवाज मायचाच.’
लिहून घेतलं. रकान्यात मावलं नाही, समासात गेलं.
डॉक्टरांनी समास आधी वाचला.

सकाळच्या पुडीवर मी सूर्य काढते, रात्रीच्या पुडीवर चंद्र.
सुजल, तिच्या दिराचा पोरगा, सूर्याकडे पाहून म्हणाला,
‘हे वांगं हाय का?’
सासूला सांगितलं, जानत्याकडे न्यायचं तर न्या,
अंगारा लावा, नारळ फोडा,
पण गोळी चुकवू नका.
प्रशिक्षणात हे वाक्य नव्हतं.

सगळ्यांचंच असं होत नाही.
अनुक्रमांक सोळा कापूस वेचायला गेली,
ती तिकडचीच झाली, गोळ्या माझ्या पिशवीत.
अनुक्रमांक नऊपुढे मी काही लिहिलेलं नाही.
पान उलटताना
बोट तिथे थांबतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले तर
मारुतीच्या पारापुढे पोरांची रांग,
लाकडी बैल, चाकांचे, दोरीचे.
सुजलच्या बैलाचा एक कान तुटका,
एक चाक बाटलीच्या झाकणाचं,
पण अंगावर चांदीची झूल,
उन्हात डोळे दिपवणारी.
जवळ गेले.
गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या,
कात्रीने कापून, काळ्या दोऱ्याने शिवलेल्या.
‘कोनं केलं रे?’
‘मोठमायनं.’

मी तिथेच उकिडवी बसून मोजायला लागले.
पंधरवड्याच्या अठ्ठावीस.
पाठीवर सकाळच्या, शिंगांवर रात्रीच्या.
वीस. चोवीस. सत्तावीस खाचा, सगळ्या फुटलेल्या.
अठ्ठाविसावी तोंडाशी होती, बंद,
आत लाल गोळी शाबूत.
मान वर केली तर कौतिका उभी,
डोक्यावर पदर, पायात सासूच्या चपला.
चुलीपासून इथपर्यंत
किती पावलं होतात, मला माहीत आहे.
‘ते राहू दे,’ ती म्हणाली,
‘डोया हाय त्याचा.
एका बाजूनं तरी दिसाले पायजे ना त्याले.’

पोराच्या हाती औषध नको, हा नियम मला पाठ आहे.
मी कपाळाची टिकली काढून दिली.
तिने गोळी सोडवली,
पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली, रातच्यासाठी.
टिकली तिने स्वतः चिकटवली,
जरा वर.
बैल आता थोडा आश्चर्याने पाहतो.

रजिस्टरात लिहिलं: गोळ्या सत्तावीस, एक पदरात.
कुठे मोजल्या, असं कुणी विचारत नाही.
सुजलने पुढे हात केला, ‘बोजारा?’
दहाची नोट दिली.
ती खर्चाच्या कोणत्या खात्यात दाखवायची,
अजून ठरलेलं नाही.